‘गिव्ह’ आणि ‘देणे’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात मी संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेते. स्पर्धा परीक्षांची मुलं येतात, दुकानदार येतात, लेकीकडे परदेशी जायचं म्हणून शिकणाऱ्या आयाही येतात. या सगळ्यांच्या वह्यांत लाल खुणा सर्वांत जास्त कुठे पडत असतील, तर ‘गिव्ह’ या अगदी साध्या क्रियापदाभोवती. शब्द अवघड आहे म्हणून नव्हे. आपलं ‘देणे’ फार ऐसपैस आहे आणि आपण ते जसंच्या तसं इंग्रजीत न्यायला बघतो, म्हणून. वर्गात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

‘गिव्ह’चा मूळ अर्थ काय?

एखादी गोष्ट एकाच्या हातून निघून दुसऱ्याच्या हाती जाणं. वाक्यात तीन जण शोधा: देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू. तिघंही खरोखर सापडले तर ‘गिव्ह’ बहुतेक वेळा चालतं. वस्तू हातात धरता येण्यासारखीच हवी असं नाही. सल्ला, वेळ, परवानगी, संधी, वचन, नाव, माहिती, सगळं देता येतं: ‘शी गेव्ह मी गुड ॲडव्हाइस.’ पण मराठी वाक्यात ‘दिला’ आहे आणि घेणारा शोधूनही सापडत नाही, अशा वेळी थांबा. तिथे इंग्रजीत बहुधा वेगळं क्रियापद लागतं.

उच्चार ‘गिव्ह’ की ‘गीव्ह’? आणि रूपं कोणती?

ऱ्हस्व ‘गि’. शेवटच्या ‘व्ह’ला वरचे दात खालच्या ओठाला हलकेच टेकवा. स्पेलिंगच्या शेवटी जे अक्षर येतं त्याचा उच्चार नाही. इंग्रजी शब्द सहसा ‘व्ही’ अक्षरावर संपत नाहीत, म्हणून ते तिथे आहे. रूपं गिव्ह, गेव्ह, गिव्हन, आणि चालू क्रियेसाठी गिव्हिंग. ‘गिव्ह्ड’ असं रूप नाही.

मराठीत भूतकाळी क्रियापद दिलेल्या वस्तूप्रमाणे बदलतं: पेन दिलं, वही दिली, आंबे दिले. त्या सवयीमुळे मुलं विचारतात की अनेक आंबे दिले तर ‘गेव्ह’चं काय होतं. काही होत नाही. एक आंबा असो की पेटी, ‘गेव्ह’ तसंच राहतं.

शब्द कोणत्या क्रमाने ठेवायचे?

दोनच क्रम लक्षात ठेवा. आधी माणूस, मग वस्तू: ‘गिव्ह मी द बुक.’ किंवा आधी वस्तू, मग ‘टू’ आणि माणूस: ‘गिव्ह द बुक टू मी.’ आपली चूक या दोघांच्या मध्ये होते. ‘मला’मधला ‘ला’ कुठेतरी दिसायला हवा असं वाटतं आणि वहीत ‘गिव्ह टू मी द बुक’ उतरतं. माणूस आधी आला की ‘ला’चं काम त्याची जागाच करते, ‘टू’ लागत नाही. वस्तूसाठी ‘इट’ वापरलं असेल तर मात्र ‘गिव्ह इट टू मी’ हेच नेहमीचं.

इथे एक सावधगिरी. ‘गिव्ह’चा पहिला क्रम सगळ्या क्रियापदांना चालत नाही. ‘ही एक्सप्लेन्ड मी द सम’ चुकीचं आहे. ‘ही एक्सप्लेन्ड द सम टू मी’ हवं. ‘डोनेट’ आणि ‘सजेस्ट’ही असेच.

‘परीक्षा दिली’ला ‘गेव्ह ॲन एग्झाम’ म्हणायचं का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतात. इंग्रजीत दिशा बरोबर उलटी: शिक्षक ‘गिव्ह’ करतात आणि विद्यार्थी ‘टेक’ करतो. तिकडे प्रश्नपत्रिका ही दिली-घेतली जाणारी वस्तू मानली आहे. आपल्याकडे विद्यार्थी स्वतःला तपासायला पुढे करतो, म्हणून देणारा तो. दोन्ही विचार आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकाचे शब्द दुसऱ्यात ढकलले की अर्थ फिरतो. ‘आय गेव्ह ॲन एग्झाम लास्ट वीक’ हे वाक्य लंडनमधला माणूस वाचेल, तर तुम्ही शिक्षक आहात असं त्याला वाटेल.

भारतात मात्र हा वापर इतका रुळला आहे की पुण्यात, दिल्लीत, हैदराबादेत कुणी अडखळत नाही. भारतीय इंग्रजीची ती एक खूण झाली आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माझं म्हणणं इतकंच, की समोर कोण आहे ते बघा. मित्राशी बोलताना चालेल. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात, आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या निबंधात किंवा नोकरीच्या ई-मेलमध्ये ‘टूक द एग्झाम’ लिहा. ब्रिटिश वळणाचं ‘सॅट द एग्झाम’ही चालतं, आणि आपल्याकडच्या कचेऱ्यांत ‘अपिअर्ड फॉर’ सर्रास दिसतं.

मग ‘मुलाखत दिली’, ‘राजीनामा दिला’, ‘अर्ज दिला’?

मुलाखतीत फरक आहे. मंत्री वर्तमानपत्राला मुलाखत देतात, तिथे ‘गेव्ह ॲन इंटरव्ह्यू’ अगदी बरोबर. नोकरीसाठी आपण ती ‘देत’ नाही: ‘आय हॅड ॲन इंटरव्ह्यू यस्टरडे.’ राजीनाम्याला ‘रिझाइन्ड’ हे एकच क्रियापद पुरतं. कागदच सुपूर्द केला असं सांगायचं असेल तर ‘हँडेड इन’ किंवा ‘सबमिटेड’. अर्जाला ‘सबमिटेड’. नोटिशीला मात्र ‘गेव्ह नोटिस’ हेच रूढ आहे: ‘शी गेव्ह वन मन्थ्स नोटिस.’

‘लक्ष दे’, ‘भेट दिली’, ‘पाणी दिलं’ यांचं काय करायचं?

आपण देतो तिथे इंग्रज पुष्कळदा ‘पे’ करतो. लक्ष देणे म्हणजे ‘पे अटेन्शन’, एखाद्या ठिकाणी भेट देणे म्हणजे ‘व्हिजिट’ किंवा ‘पे अ व्हिजिट’. शाळेला भेट दिली आणि शाळेला पंखे भेट दिले, या दोन्हींत ‘भेट’ एकच दिसते, पण पहिल्यात ‘व्हिजिटेड’ आणि दुसऱ्यात ‘गेव्ह’. रिक्षावाल्याला शंभर रुपये दिले, तेही भाडं म्हणून दिले असतील तर ‘पेड’. ‘गेव्ह’ म्हटलं की नुसती नोट हातात ठेवली एवढंच कळतं. कशापोटी ठेवली ते कळत नाही.

शेतकरी घरातली मुलं हमखास लिहितात, ‘माय फादर गिव्ह्ज वॉटर टू द फील्ड ॲट नाइट.’ वडील रात्री वीज आल्यावर मोटर सुरू करायला जातात, उसाला बारं देतात, हे त्या मुलाच्या डोळ्यांसमोर असतं. इंग्रजीत त्यासाठी नेमकी क्रियापदं आहेत: बागेला, कुंड्यांना ‘वॉटर’, शेताला ‘इरिगेट’. ‘माय फादर इरिगेट्स द केन ॲट नाइट.’ उत्तर देणे, त्रास देणे, धक्का देणे, शिवी देणे यांचीही अशीच एकेका शब्दात सोय आहे: आन्सर, ट्रबल, पुश, अब्यूज. मराठी नाम घेऊन त्याला ‘देणे’ जोडते. इंग्रजी पुष्कळदा त्या नामाचंच क्रियापद करते.

‘मला जाऊ द्या’चं इंग्रजी काय?

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने रजेचा अर्ज लिहून आणला होता. रेघांच्या पानावर, निळ्या शाईत, समास सोडून, अतिशय नेटका. शेवटची ओळ होती: ‘प्लीज गिव्ह मी टू गो.’ आजी दवाखान्यात होती, हिला संध्याकाळची गाडी गाठायची होती. मी ‘गिव्ह’वर रेघ मारून वर ‘लेट’ लिहिलं आणि खालचं ‘टू’ खोडलं: ‘प्लीज लेट मी गो.’ ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, पण द्या तर दोन्हीकडे आहे.’

तिचं निरीक्षण अचूक होतं. मराठीत ‘पुस्तक दे’ आणि ‘जाऊ दे’ यांत धातू एकच. पहिल्यात वस्तू मिळते, दुसऱ्यात मोकळीक. इंग्रजीने या दोन कामांना दोन शब्द वाटून दिले आहेत. म्हणून ‘देणे’च्या आधी ‘जाऊ’, ‘बसू’, ‘खाऊ’, ‘झोपू’ असं रूप दिसलं की ‘लेट’, आणि त्यापुढे ‘टू’ नाही. ‘त्याला झोपू दे’ म्हणजे ‘लेट हिम स्लीप’.

आणि ‘करून दे’, ‘लिहून दे’?

इथे ‘देणे’ म्हणजे दुसऱ्यासाठी करणं. इंग्रजीत तो भाव ‘फॉर’ दाखवतो: ‘एवढं काम करून दे’ म्हणजे ‘डू धिस फॉर मी’. ‘लिहून दे’ला मात्र दोन अर्थ आहेत. आजीचं पत्र लिहून देणं म्हणजे ‘राइट इट फॉर हर’. ग्रामपंचायतीत ‘तसं लिहून द्या’ म्हणतात ते ‘गिव्ह इट इन रायटिंग’.

‘गिव्ह मी वॉटर’ म्हटल्यावर समोरचा नाराज का होतो?

कारण त्याला हुकूम ऐकू येतो. मराठीत आदर क्रियापदाच्या पोटातच असतो. दे, द्या, द्यावं, देशील का, देता का, द्याल का: नुसतं शेपूट बदललं की लहान-मोठेपणा, जवळीक, विनंती सगळं सांगून होतं. सासूबाईंना ‘पाणी द्या’ म्हटलं तर त्यात काही उणं नसतं. इंग्रजीत दे आणि द्या यांना एकच ‘गिव्ह’ आहे, त्यामुळे आदर बाहेरून आणावा लागतो. तिथली रीत म्हणजे देणाऱ्याला सांगण्याऐवजी आपल्याला मिळेल का असं विचारणं: ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ ‘गिव्ह’ त्या वाक्यात येतच नाही. लेकीकडे जाणाऱ्या आयांना मी हे एक वाक्य पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेते, कारण विमानात त्याची गरज लगेच पडते.

‘मला फॉर्म देण्यात आला’ हे कसं लिहायचं?

‘आय वॉज गिव्हन अ फॉर्म.’ हे वाक्य आपल्या कानाला विचित्र लागतं, कारण मराठीत ‘मला’चा ‘मी’ होत नाही. ‘मी फॉर्म दिला गेलो’ असं कुणी म्हणणार नाही. इंग्रजीत मात्र घेणारा बेधडक वाक्याच्या आरंभी येतो. ‘टू मी वॉज गिव्हन’ असं लिहू नका.

‘डोनेट’, ‘कॉन्ट्रिब्यूट’ आणि ‘गिव्ह’ यांत फरक काय?

‘डोनेट’ म्हणजे दान किंवा देणगी: संस्थेला, चांगल्या कामाला, परत मिळण्याची अपेक्षा नसताना. मैत्रिणीला वाढदिवसाला घड्याळ ‘डोनेट’ करत नाहीत. रक्ताला दोन्ही चालतात, ‘गिव्ह ब्लड’ आणि ‘डोनेट ब्लड’. अनेकांनी मिळून काही उभं करायचं आणि त्यात आपला वाटा घालायचा, तिथे ‘कॉन्ट्रिब्यूट’. गणपतीची वर्गणी हे त्याचं उत्तम उदाहरण: ‘वी कॉन्ट्रिब्यूटेड फाइव्ह हंड्रेड रुपीज.’ वर्गणीला ‘डोनेशन’ म्हटलं की त्यातला ‘आपलाही मंडप’ हा भाव निघून जातो, असं मला वाटतं.

उसने देणे, भाड्याने देणे, मुलगी देणे?

परत घ्यायचं असेल तर ‘लेंड’. घेणाऱ्याच्या बाजूने तेच ‘बॉरो’. घर भाड्याने देणे म्हणजे ‘रेंट आउट’ किंवा ‘लेट’, इमारतीवरच्या ‘टू लेट’ पाटीतलं. ‘आमची मुलगी सांगलीला दिली’ याचं शब्दशः इंग्रजी कधीही करू नका, मुलगी ही वस्तू ठरते. ‘आवर डॉटर इज मॅरिड अँड लिव्ह्ज इन सांगली’ असं म्हणा. मराठीतही हे ‘देणं’ आता अनेक घरांत टाळलं जातं, ते चांगलंच आहे.

मोठ्या सन्मानासाठी ‘गिव्ह’ चालतं का?

बोलताना चालतं. लिहिताना पुरस्कारासाठी ‘अवॉर्ड’, पदवी-किताबासाठी ‘कन्फर’ किंवा ‘बिस्टो’, हक्क आणि परवानगीसाठी ‘ग्रँट’. ‘कन्फर’ आणि ‘बिस्टो’ यांच्या पुढे ‘टू’ नव्हे, ‘ऑन’ येतं. आपल्या जिव्हाळ्याचं उदाहरण घ्या: ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. या एका वाक्यात आपण दोनदा ‘देतो’. इंग्रजीत दोन्हींना मिळून एक क्रियापद पुरतं: ‘क्लासिकल लँग्वेज स्टेटस वॉज कन्फर्ड ऑन मराठी.’ धोंडो केशव कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं, तिथेही ‘द भारतरत्न वॉज कन्फर्ड ऑन हिम’.

‘गिव्ह अप’, ‘गिव्ह इन’ यांत देणं कुठे आहे?

आहे, थोडं आत. ‘गिव्ह अप’ म्हणजे आपल्या ताब्यातलं सोडून देणं. २०१५ मध्ये केंद्र सरकारने स्वयंपाकाच्या गॅसवरचं अनुदान स्वेच्छेने सोडण्याचं आवाहन केलं, त्या मोहिमेचं नाव ‘गिव्ह इट अप’ होतं, आणि एक कोटीहून अधिक ग्राहकांनी ते सोडलं. तंबाखू सोडणं आणि हार मानून प्रयत्न सोडणं यांनाही हेच. ‘गिव्ह इन’ म्हणजे दुसऱ्याच्या हट्टापुढे नमणं: लेकरू रडलं आणि आजीने शेवटी चॉकलेट दिलं, ती ‘गेव्ह इन’. ‘गिव्ह अवे’ म्हणजे देऊन टाकणं, आणि गुपित फोडणंही. ‘गिव्ह ऑफ’ वासासाठी, धुरासाठी. ‘गिव्ह वे’ रस्त्यावरच्या लाल काठाच्या उलट्या त्रिकोणावर असतं, समोरच्याला आधी जाऊ द्या. पण पूल किंवा भिंत ‘गेव्ह वे’ म्हणजे खचली. ‘टेन किलोमीटर्स, गिव्ह ऑर टेक’ म्हणजे दहा किलोमीटर, थोडं इकडे-तिकडे.

नाम म्हणूनही ‘गिव्ह’ येतं. दोरी किंवा कापड ताणलं की जरासं सैल होतं, त्या गुणाला ‘गिव्ह’ म्हणतात.

भूमितीतलं ‘गिव्हन’ म्हणजे तेच का?

तेच. आपल्या पुस्तकात ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ असतं, तिथे इंग्रजी माध्यमात ‘गिव्हन, टू प्रूव्ह, प्रूफ’. गिव्हन म्हणजे आधीच हाती दिलेलं. ‘डेटा’ या लॅटिन शब्दाचाही अर्थ अक्षरशः ‘दिलेल्या गोष्टी’. तो शब्द आपल्या ‘दत्त’चा सख्खा नातेवाईक आहे: संस्कृत ‘दा’ आणि लॅटिन ‘दारे’ एकाच मुळाचे. दत्तक, दान, दाता, आपलं ‘देणे’, आणि तिकडचे डोनेट, डोनर, डोस, सगळे त्याच घराण्यातले. मजा अशी, की ‘गिव्ह’ त्या घराण्यातलं नाही. ते जर्मानिक बाजूचं, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्या शाखेतल्या तिथलं, वेगळं मूळ आहे. म्हणजे ‘देणे’ला नात्याने जवळचं ‘डोनेट’, आणि वापराने जवळचं ‘गिव्ह’.

‘गिव्ह’ पूर्वीपासून असंच होतं का?

नाही. जुन्या इंग्रजीत याचा पहिला उच्चार ‘य’सारखा होता, आणि चौदाव्या शतकातल्या लंडनच्या लिखाणातही ‘यिव्ह’, ‘येव्ह’ अशी रूपं आढळतात. नवव्या शतकापासून उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये स्कँडिनेव्हियातले लोक स्थायिक झाले. त्यांच्या बोलीत हाच शब्द ‘ग’ने सुरू व्हायचा, आणि तो ‘ग’ हळूहळू साऱ्या देशात पसरला. शेजाऱ्यांनी इतकं रोजचं क्रियापद बदलून टाकावं, हे मला फार विलक्षण वाटतं.

‘गिफ्ट’ याच कुळातला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वधूसाठी दिलेलं मोल असा होता, आपल्याकडे ज्याला ‘देज’ म्हणतात तो. आणि आजच्या जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष. औषधाची ‘दिलेली मात्रा’ या अर्थावरून तो तिथे पोहोचला. जर्मनीत शिकायला गेलेल्या मराठी मुलांनी डब्यावर हा शब्द दिसला तर हात लावू नये.

‘माझं त्याला देणं आहे’ म्हणजे ‘आय हॅव अ गिफ्ट फॉर हिम’ का?

अजिबात नाही. इथे देणं म्हणजे कर्ज: ‘आय ओ हिम मनी.’ पण ‘तिच्या गळ्याला देवाचं देणं आहे’ म्हटलं की तेच देणं ‘गिफ्ट’ होतं, आणि ती ‘गिफ्टेड सिंगर’. सावकाराचं देणं फेडायचं असतं, देवाचं देणं मिळालेलं असतं. संदर्भ बघितल्याशिवाय भाषांतर करू नका.

बक्षीसपत्र आणि मृत्युपत्रात कोणतं क्रियापद येतं?

बक्षीसपत्र म्हणजे ‘गिफ्ट डीड’. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार घर-जमीन बक्षीस द्यायची तर दस्त नोंदणीकृत हवा, त्यावर किमान दोन साक्षीदार हवेत, आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीतच स्वीकारलेलं हवं. देणारा ‘डोनर’, घेणारा ‘डोनी’. मृत्यूनंतर द्यायचं असेल तर ‘बिक्वीद’. जुन्या इंग्रजी मृत्युपत्रांत ‘गिव्ह, डिव्हाइज अँड बिक्वीद’ असे तीन शब्द ओळीने येतात. त्यात पहिला आणि तिसरा अस्सल इंग्रजी, मधला फ्रेंचमधून आलेला. घाबरू नका, तिन्हींचा मिळून अर्थ ‘देतो’ एवढाच.

‘देववत नाही’ला इंग्रजी आहे का?

एका शब्दात नाही. ‘देत नाही’ म्हणजे ‘आय डोन्ट गिव्ह’, ‘देता येत नाही’ म्हणजे ‘आय कान्ट गिव्ह’, पण देववत नाही म्हणजे हात पुढे होतो आणि मन मागे खेचतं. इंग्रजीत ते पसरून सांगावं लागतं: ‘आय कान्ट ब्रिंग मायसेल्फ टू गिव्ह इट.’ वर्गातल्या एका काकूंनी याचं वाक्य केलं होतं, कपाटात वीस वर्षं घडी घालून ठेवलेल्या आईच्या इरकली लुगड्याबद्दल: ‘आय कान्ट ब्रिंग मायसेल्फ टू गिव्ह माय मदर्स लुगडं अवे.’ शेवटचं ‘अवे’ त्यांनी स्वतःहून घातलं होतं, कारण ते एकदा गेलं की परत येणार नव्हतं. मी ‘लुगडं’ही तसंच राहू दिलं.